केवड्याच्या वासाची धाकटी

"पुढच्या महिन्यात एक हवाई कादंबरी वाचूया," असं मी आमच्या वाचनकट्ट्याच्या ग्रुपवर लिहिलं. पहिलं उत्तर आलं बँकेतून निवृत्त झालेल्या काकांचं : "हवाई म्हणजे हवेतलीच ना? ती आम्ही रोज सकाळी पेपरात वाचतो." त्यावर भराभर अंगठे पडले, हसरे चेहरे पडले आणि मूळ प्रस्ताव बाजूलाच राहिला. मराठीत हवाई बेटांचं नाव काढलं की आधी किल्ले आठवतात, मग चप्पल. बेटांचा नंबर तिसरा.

प्रस्ताव होता आमच्या कट्ट्यावरच्या सगळ्यात धाकट्या मेंबरासाठी. आजीला स्कूटरवरून सोडायला यायचा, मग चहापुरता थांबायला लागला, मग बसायलाच लागला. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. त्याची तक्रार अशी की तुम्ही लोक सारखी आत्मचरित्रं वाचता आणि शेवटी सगळ्यांचे वडील कडक निघतात. एकदा तरी फँटसी घ्या. शपथा, शाप, लांबचा प्रवास, एखादा अक्राळविक्राळ प्राणी. मी म्हटलं, देते. समुद्र पोहून जाणारा अजस्र सरडा आहे, इंद्रधनुष्यावरून उतरणारा नवरदेव आहे, पक्ष्यांच्या पंखांवर पहुडणारी मुलगी आहे. फक्त कादंबरी 1863 ची आहे.

"चालेल," तो म्हणाला, "पण पुढे नकाशा आहे ना?"

नकाशा नव्हता.

पुस्तकाचं नाव 'लाइएइकावाइ'. नायिकेचंच नाव ते. लिहिणारे एस. एन. हालेओले हे तिथलेच, हवाईयन. माउई बेटावरच्या लाहाइनालुना विद्यालयात शिकलेले. ही गोष्ट आधी होनोलुलूच्या 'कुओकोआ' या साप्ताहिकात नोव्हेंबर 1862 पासून एप्रिल 1863 पर्यंत क्रमशः आली आणि त्याच वर्षी तिचं पुस्तक झालं. हवाईयन माणसाने हवाईयन भाषेत, हवाईयन वाचकासाठी लिहिलेलं गोष्टीचं पहिलं पुस्तक म्हणून त्याचा मान आहे. आम्ही वाचलं ते मार्था बेकविथबाईंचं इंग्रजी भाषांतर, 1918 च्या सुमाराचं. मूळ मजकूरही त्यातच दिलेला असल्यामुळे न कळणाऱ्या भाषेची पानंच्या पानं नुसती बघता येतात. व्यंजनं इतकी कमी आणि स्वर इतके जास्त, की मजकूर बघताना तोंड आपोआप उघडं पडतं.

गोष्ट थोडक्यात सांगते, म्हणजे पुढची भांडणं कळतील.

ओआहु बेटावरचा एक सरदार बायकोला सांगून ठेवतो की पहिला मुलगा झाला पाहिजे, तोवर झालेली प्रत्येक मुलगी मारायची. मुली होत राहतात आणि मारल्या जात राहतात. पुढच्या खेपेला बायको जाणत्या पुजाऱ्याकडे जाते. तो युक्ती सांगतो : दिवस भरत आले की नवऱ्याला म्हण, मला अमुक माशाची अगदी कोवळी पिल्लं खावीशी वाटतात, तीही तुम्ही स्वतः पकडून आणलेली. नवरा समुद्रावर जातो, इकडे जुळ्या मुली जन्मतात आणि दोघींना दोन दिशांना पळवलं जातं. एक पुजाऱ्याकडे, दुसरी आजीकडे. आजीचं नाव वाका. ती नातीला घेऊन एका डोहात बुडी मारते. पाण्याखालून वाट असलेल्या गुहेत ही मुलगी वाढते. ती लाइएइकावाइ. पण ती जिथे असेल तिथे वर इंद्रधनुष्य उमटतं, त्यामुळे लपवून लपत नाही. मग आजी तिला बेटाबेटांवरून नेत शेवटी पालिउलि नावाच्या हिरव्यागार, माणसाला सहसा न सापडणाऱ्या जागी ठेवते. तिथे घराला छप्पर पिवळ्या पिसांचं.

आता तिला मागणी घालायला काउआइ बेटाचा एक देखणा सरदार निघतो, आइवोहिकुपुआ. सोबत स्वतःच्या पाच बहिणी. बहिणी कशाला, तर आपली शिफारस करायला. शिफारस जमत नाही, तर तो बहिणींना तिथेच रानात टाकून घरी जातो. पुढे त्या पाचजणी आणि लाइएइकावाइ यांचीच गोष्ट होते. मधे एक समुद्रावर लाटा खेळणारा लफंगा येऊन तिला फसवतो. आजी तिचं काही ऐकून न घेता तिला टाकून देते. शेवटी पाचांतली धाकटी त्या सरड्याबरोबर समुद्र ओलांडते, आकाशात राहणाऱ्या आपल्या थोरल्या भावाला गाठते आणि त्याला हिचा नवरा म्हणून घेऊन येते. त्याच्या नावाचा अर्थ 'सूर्याचं बुबुळ'. तो सगळ्यांना शिक्षा करतो आणि मग स्वतःच बायकोच्या जुळ्या बहिणीवर नजर टाकून बसतो. त्याचे आईबाप त्याला भूत करून भटकायला लावतात.

पहिल्या बैठकीला सगळे वाचून आले होते, निदान तसं म्हणाले. आणि सगळ्यांची तक्रार एकच. नावं.

काकांनी तर चक्क हिशेब मांडला होता. "पहिल्या दहा पानांत मी नावं मोजली, मग मोजणं सोडलं. मालाएकाहाना कोण, काहाउओकापाका कोण, लाइएलोहेलोहे कोण. माणूस आणि गाव यात फरकच कळत नाही. मी आपलं आई, बाप, जुळी एक, जुळी दोन असं पेन्सिलीने लिहून वाचलं." आमच्या धाकट्यानेही मान डोलावली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे अशा कादंबऱ्यांवर सगळीकडे लोक हेच लिहितात : जग छान आहे, पण नावं फार, मागे शब्दार्थ द्यायला हवे होते, उच्चार द्यायला हवे होते. त्याची आणखी एक तक्रार होती. "यात नियमच नाहीत. जादू कोणाला येते, किती येते, काय किंमत मोजून येते? आजी पाहिजे तेव्हा सर्वशक्तिमान, नको तेव्हा नाही. आणि हीरो कोण? मी आइवोहिकुपुआच्या बाजूने होतो हो! अर्ध्यात कळलं, तो हलकट आहे."

"मला पहिल्या पानावरच कळलं होतं," शाळेतल्या निवृत्त बाई म्हणाल्या. "बहिणींना घेऊन मुलगी बघायला निघालेला पुरुष."

त्यांना आणि मलाही खरा धक्का बसला होता तो सुरुवातीचा. दूर प्रशांत महासागरातली, दीडशे वर्षं जुनी अद्भुतकथा म्हणून उघडावी आणि पहिल्याच प्रकरणात मुलगाच हवा म्हणून मुली मारणारा बाप भेटावा. त्याच्यावर मात कशाने केली, तर डोहाळ्यांनी! बाई म्हणाल्या, या लेखकाला बायका ठाऊक आहेत. घरात डोहाळे हा एकच काळ, जेव्हा बाईने मागितलं आणि पुरुषाला उठावं लागलं. त्यांनी ते वाक्य वहीत लिहून ठेवलं, स्वतःचंच. मला मात्र त्यावर जरा वेगळं वाटतं. पहिल्या मारलेल्या मुलींची नावं कादंबरीत नाहीत. एवढी नावं असलेल्या पुस्तकात फक्त त्यांनाच नाव नाही. आम्ही नावं फार आहेत म्हणून कुरकुरत होतो आणि ही रिकामी जागा कोणाच्याच लक्षात आली नव्हती. माझ्याही दुसऱ्या वाचनात आली.

आजी तोवर बोलल्या नव्हत्या. त्यांना नातवाने रोज रात्री थोडं थोडं मराठीत सांगितलं होतं, म्हणजे त्यांनी ती गोष्ट हप्त्याहप्त्यानेच ऐकली. त्या म्हणाल्या, "तुम्हाला कसली अडचण होते कळत नाही. आमच्याकडे जागरणाला वाघ्या गावोगावच्या देवांना नाव घेऊन बोलवायचा. बाहेरच्या माणसाला ती यादी. पण आपलं गाव आलं की आम्हा पोरींचे हात आपोआप जोडले जायचे. मी तर आमच्या गावाची वाटच बघत बसायचे."

मला एकदम मालाएकाहाना आठवलं. म्हणजे पुस्तकातलं नव्हे, पाटीवरचं.

काही वर्षांपूर्वी भाचा होनोलुलूला संशोधनासाठी होता, तेव्हा मी आणि बहीण तिकडे गेलो होतो. एका रविवारी त्याने ओआहुच्या पूर्व किनाऱ्याने वर नेलं. एका बाजूला डोंगराचे उभे, सुरकुतलेले, हिरवे कडे. दुसऱ्या बाजूला समुद्र. मधे रस्ता जेमतेम. लाइए गाव लागलं. तिथे मोठं पांढरं मॉर्मन मंदिर आहे, पॉलिनेशियन नाचगाण्यांचं प्रसिद्ध केंद्र आहे, बसेस भरून पर्यटक येतात. आम्ही गर्दी टाळून पलीकडच्या किनाऱ्यावर गेलो. पाटीवर लिहिलं होतं मालाएकाहाना. बहिणीने ते तीनदा वाचलं, तिन्ही वेळा वेगळं. मग आम्ही सुरूच्या झाडांखाली चादर पसरून पुण्याहून नेलेला चिवडा खाल्ला.

नंतर पुस्तक हातात आलं तेव्हा कळलं, मालाएकाहाना म्हणजे त्या जुळ्यांची आई. लाइए म्हणजे तिच्या दोन्ही मुलींच्या नावाचा पहिला तुकडा. आईच्या अंगाखांद्यावर बसून मी चिवडा खाल्ला होता आणि मला पत्ता नव्हता.

काकांची तक्रार बरोबरच होती : माणूस आणि गाव यांत फरक कळत नाही. नसेलच, तर कळणार कुठून? गोष्ट ओआहुहून मोलोकाइला जाते, माउईवरून हवाई या मोठ्या बेटावर येते, काउआइला परतते, आणि प्रत्येक ठिकाणी होडी कुठे लागली, कोणत्या टेकडीवरून काय दिसलं, हे सांगत जाते. 1862 साली 'कुओकोआ' उघडणाऱ्या माणसाला नकाशा लागत नव्हता, कारण तो नकाशावरच बसलेला होता. माउईवरच्या हाना गावच्या माणसाला हाना येईपर्यंत दम धरवत नसणार. त्या हानामध्येच तो देखणा सरदार लाटांवर खेळणाऱ्या एका राजकन्येला भुलतो. दोघं काळ्या-पांढऱ्या खड्यांचा कोनाने नावाचा पट मांडतात, पणाला लावतात स्वतःलाच आणि हा गडी हरतो. (आजी इथे फक्त "धर्मराज!" एवढंच म्हणाल्या.)

हालेओले यांचं पुस्तक निघालं तेव्हाची बेटं कशी होती, हे कळल्यावर तर नावांकडे बघण्याची माझी नजरच बदलली. परकी जहाजं यायला लागल्यापासून साथीमागून साथी येत होत्या. 1848-49 मध्ये गोवर, डांग्या खोकला, इन्फ्लुएंझा. 1853 मध्ये देवी, तीत हजारो गेले. गावं रिकामी होत होती. पुस्तकाच्या प्रस्तावनेत असं म्हटलंय की आजवर आपल्याला शिकवणारी, बरंवाईट सांगणारी पुस्तकं मिळाली, पण आपल्या जुन्या चालीरीती दाखवणारं गोष्टीचं पुस्तक हे पहिलंच. आवडत्या कथा हातून जाऊ नयेत म्हणून ते काढलं. माणसं मरत असताना एक जण बसून टेकड्यांची, डोहांची, वाऱ्यांची नावं एका प्रेमकथेत ओवतो आहे. आणि आम्ही पुण्यात गच्चीवर बसून म्हणतोय, जरा संपादन करायला हवं होतं.

शिकवणारी पुस्तकं कोणी आणली, याचं उत्तर आपल्या दाराशी येऊन थांबतं. हे मला फार उशिरा लक्षात आलं. बोस्टनच्या ज्या अमेरिकन बोर्डाने 1820 मध्ये हवाईला मिशनरी पाठवले, त्याच बोर्डाचे लोक 1813 मध्ये मुंबईत उतरले होते. आपल्याकडच्या अमेरिकन मराठी मिशनने 1817 मध्ये मुंबईत मराठी छापायला घेतलं. होनोलुलूला पहिला कागद 7 जानेवारी 1822 रोजी छापला गेला आणि दांडा ओढायचा मान केएआउमोकु या सरदाराला दिला गेला. पहिली छपाई होती मुळाक्षरांची. आपलं 'दर्पण' 1832 चं, त्यांचं पहिलं वर्तमानपत्र 'का लामा हवाई' 1834 चं. गोष्टींचंही तसंच. आपल्याकडे हळब्यांची 'मुक्तामाला' ही कादंबरी 1861 ची, अद्भुतरम्यच. छापखाना आणला धर्मग्रंथ वाचायला लावण्यासाठी, आणि तो हाती येताच दोन्हीकडच्या लोकांनी आपापल्या राजकन्या, शाप आणि जंगलं छापायला घेतली. यात मला एक खोडकर आनंद मिळतो, तो लपवत नाही.

मिशनरींना तो अर्थातच मिळाला नाही. 1861 मध्ये 'का होकु ओ का पाकिपिका', म्हणजे 'प्रशांताचा तारा', हे हवाईयन लोकांनी स्वतः चालवलेलं पहिलं वर्तमानपत्र निघालं आणि त्यात जुन्या कथा, जुनी गाणी छापून येऊ लागली, तेव्हा पाद्री मंडळींनी ती अश्लील, रानटी, मागे नेणारी ठरवली. वाचक मात्र वेगळ्याच कारणाने भांडत होते. कथा अपुरी दिली, गाणं चुकवलं, आमच्याकडे ही अशी सांगत नाहीत! पत्रं यायची ती अशी. माझ्या मते वाचकाची याहून मोठी दाद नाही. "छान लिहिलंय" म्हणणारा वाचक पान उलटतो. "असं नव्हतं ते" म्हणणारा घरातला असतो.

त्या 'ताऱ्या'च्या मंडळींत एक तरुण होता, डेव्हिड कालाकाउआ. पुढे 1874 मध्ये तो राजा झाला आणि 1881 मध्ये जगप्रदक्षिणेला निघाला, तेव्हा कलकत्त्याहून रेल्वेने मुंबईला आला आणि इथून जहाजाने इजिप्तकडे गेला. कथा छापण्यावरून शिव्या खाल्लेला संपादक राजा होऊन आपल्या मुंबईत फिरला. कोणाला तरी त्याने विचारलं असेल का, तुमच्या गोष्टी काय आहेत म्हणून? विचारलं नसणार. राजांना स्थळं दाखवतात.

त्यानंतरचं वेगाने सांगते, कारण ते सांगताना मला राग येतो. 1893 मध्ये राणी लिलिउओकालानीला पदच्युत केलं. 1896 मध्ये कायदा करून शाळेची भाषा इंग्रजी केली. 1898 मध्ये बेटं अमेरिकेने घेतली. हवाईयन भाषेतली शंभरएक वर्तमानपत्रं, सव्वा लाखाच्या आसपास पानं, आणि त्यातलं शेवटचं 1948 मध्ये बंद. पत्रं लिहून भांडणाऱ्या वाचकांची नातवंडं ती पत्रं वाचू शकेनात. 1978 मध्ये भाषा पुन्हा राज्यभाषा झाली, 1984 मध्ये काउआइवर पहिली 'पुनाना लेओ' निघाली. शब्दशः आवाजांचं घरटं, म्हणजे हवाईयनमधली बालवाडी. आणि 2011 मध्ये त्या जुन्या वर्तमानपत्रांची पानं संगणकावर उतरवून काढायला हजारो लोक स्वेच्छेने बसले. कित्येकांना त्यातला प्रत्येक शब्द कळतही नव्हता; अक्षराला अक्षर लावत टाइप करत होते. मला हे दृश्य डोळ्यांसमोर आणायला आवडतं. तेही वाचनच आहे, बोटांनी केलेलं.

दुसऱ्या बैठकीला आमच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम आल्या. पहिल्या वेळी त्यांना ताप होता. त्या आल्या त्या हातात कागद घेऊन, आणि बसायच्या आत म्हणाल्या, "तुम्ही सगळे नावांवर रडलात म्हणे. अहो, ही सगळी माझी ओळखीची माणसं आहेत!"

त्यांनी काय केलं होतं, तर नावं फोडली होती. टाकून दिलेल्या पाच बहिणींपैकी चौघींची नावं 'माइले'ने सुरू होतात. माइले ही रानातली सुगंधी वेल, तिच्या पानांच्या माळा तिकडे अजूनही मानाच्या प्रसंगी घालतात. चौघी म्हणजे त्याच वेलीचे चार प्रकार. म्हणून तर त्या शिफारशीला जातात तेव्हा तोंडाने काही बोलत नाहीत. एकेक जण दाराशी उभी राहून आपला गंध आत सोडते, झोपलेली लाइएइकावाइ त्या वासाने जागी होते, आजीला विचारते, आजी म्हणते घालवून दे. मी वाचताना हे चार वेळा एकच घडतं म्हणून भराभर पानं उलटली होती. हे चार वेगळे वास होते, आणि मला एकही आला नव्हता.

"आणि पाचवी?" मॅडम म्हणाल्या. "काहालाओमापुआना. यातलं हाला म्हणजे पँडॅनस. म्हणजे आपला केवडा! त्याच कुळातला, अगदी सख्खा. नावाचा अर्थ साधारण सुगंधाने दरवळणारा केवडा." पुढे ऐका, म्हणाल्या. लाइए यातलं 'इए' हे तिथल्या रानात झाडांवर चढणाऱ्या वेलीचं नाव. तीही केवड्याच्याच कुळातली. लाइएइकावाइ म्हणजे पाण्यातलं इएचं पान. जुळी बहीण म्हणजे खाली झुकलेलं. नायिका आणि तिला वाचवणारी धाकटी या वनस्पतिशास्त्रात एकमेकींच्या नातलग निघाल्या. हालेओले यांना हे कुळ-जाती लॅटिनमध्ये ठाऊक असण्याचं कारण नाही. रानात डोळे उघडे ठेवून फिरणाऱ्याला पानं बघून कळत असेल.

काकांनी पेन्सिलीची यादी काढली आणि 'धाकटी बहीण' खोडून 'केवडा' लिहिलं. गणपतीच्या सुमारास मंडईत केवड्याचं एक कणीस घेताना भाव करतात ते काका.

एका गोष्टीवरून मात्र वातावरण तापलं, आणि ते पुस्तकामुळे की पुण्यामुळे हे सांगता येत नाही. कादंबरीत पोलिआहु येते. माउना केआ या पर्वतावरच्या बर्फाची देवी. तो सरदार तिला लग्नाचं वचन देतो, मग हानाची राजकन्या आपला पण वसूल करायला येऊन त्याला घेऊन जाते. पोलिआहु काय करते? त्या दोघांवर आधी थंडीची चादर पाठवते, मग उष्णतेची. जवळ म्हणून येऊ देत नाही. धाकट्याला हा प्रसंग भारी आवडला होता. "बर्फाचा ॲटॅक!" तर मॅडम म्हणाल्या, ते शिखर 4,207 मीटर उंच आहे, तिथे खरंच बर्फ पडतं, आणि तिथेच तीस मीटरची ती प्रचंड दुर्बीण उभारायचा प्रकल्प आहे. 2019 च्या जुलैमध्ये रस्ता अडवून बसलेल्या वयस्कर हवाईयन माणसांना अटक झाली होती. त्या प्रकल्पात भारत भागीदार आहे. आणि भारतातर्फे ज्या संस्था आहेत, त्यातली एक आपल्याच पुणे विद्यापीठाच्या आवारातली आयुका, ही खगोलशास्त्राची संस्था.

क्षणभर कोणी बोललं नाही. काका म्हणाले, विज्ञान थांबवायचं का मग? बाई म्हणाल्या, विचारून तरी चढायचं. धाकटा, ज्याला अंतराळाचंही वेड आहे, तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला वाटत होतं ती कॅरॅक्टर आहे." मलाही दुर्बीण हवी असं वाटतं आणि बसलेल्या म्हाताऱ्या बायकांचंही खोटं वाटत नाही. या बाबतीत माझं मत अजून ठरलेलं नाही. पण पोलिआहुला 'फँटसी'च्या कप्प्यात घालून मी मोकळी झाले होते, तेवढं त्या संध्याकाळी मोडलं. हालेओले स्वतःच्या कथेला 'काआओ' म्हणतात, म्हणजे रंगवून सांगितलेली कहाणी. दुसरा शब्द 'मोओलेलो'. त्यात इतिहास, चरित्र, दंतकथा सगळं मावतं. आपल्या 'बखरी'तही असंच बरंच मावायचं. रंगवलेली असली तरी पर्वत खोटा नसतो.

कादंबरी निर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही. शेवट घाईचा आहे. फसवल्या गेलेल्या मुलीला आजीने टाकून देणं मला अजून पचत नाही आणि लेखकाला त्याचं पुरेसं वाईट वाटलंय असं दिसत नाही. सूर्याच्या बुबुळाला शिक्षा होते हे ठीक. त्याच्यापायी दोन बहिणींच्या मनात काय झालं, ते चार ओळींत उरकलंय. धाकटा म्हणाला, दुसरा भाग यायला हवा होता. आवडलेला प्रसंग विचारला, तर त्याने माणसं खाणाऱ्या कुत्र्याची आणि सरड्याची झुंज सांगितली, ज्यात कुत्रा कान आणि शेपूट गमावून परत येतो. इतक्या चर्चेनंतरही कुत्राच. मला बरं वाटलं.

आजींना आवडलेला प्रसंग वेगळा होता. चौघी बहिणींचे वास हरल्यावर केवड्याची पाळी येते. ती वास सोडतच नाही. ती 'टी' नावाच्या झाडाचं पान घेते, त्याची पिपाणी करते आणि रात्री वाजवत बसते. आतली मुलगी त्या आवाजाने जागी होते, आणि या वेळी आजीला विचारून घालवून देत नाही. आत बोलावते. पुढची सगळी गोष्ट त्या पिपाणीने उघडलेल्या दारातून जाते.

"पान कसलं म्हणालास?" आजींनी नातवाला विचारलं. त्याने फोनवर दाखवलं. लांबट, रुंद, गुळगुळीत. "हे तर आपल्या कुंडीत असतं शोभेचं," मॅडम म्हणाल्या, "लाल पानांचं." माझ्या गच्चीत नव्हतं. कर्दळ होती. आजी उठल्या, कर्दळीचं एक कोवळं पान तोडलं, मधली शीर नखाने काढली, गुंडाळलं, टोक चिमटीत धरून चपटं केलं आणि फुंकलं. नुसती हवा. पुन्हा गुंडाळलं. तिसऱ्यांदा जो आवाज निघाला, त्याला संगीत म्हणणं अवघड होतं. खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला आणि काका हसून हसून खुर्चीतून पुढे आले.

आजींनी पान तोंडातून काढलं, नीट बघितलं, म्हणाल्या, "ओलं फार आहे," आणि दुसरं तोडायला पुन्हा कुंडीकडे गेल्या.